मुकुंदला डाळ नको असायची

बाजारात अवरेकाई आली की आमच्या घरातलं बोलणं कमी होतं. गेली तीन वर्षं हे असंच चाललंय. डिसेंबर लागतो, सकाळी रस्त्यावर धुकं रेंगाळतं, बंगळूरच्या यशवंतपूर बाजाराबाहेर हातगाड्यांवर हिरव्या शेंगांचे ढीग लागतात, आणि तो वास येतो. पुण्या-मुंबईच्या माणसाला सांगायचं तर हे पावट्याचंच एक भावंड. पण दवात भिजलेल्या शेंगेला जो तेलकट, उग्र-गोड वास असतो त्याला इथे सोगडु म्हणतात, आणि मराठीत मला त्याच्यासाठी शब्द सापडलेला नाही. आमचं घराणं किती पिढ्यांपूर्वी इकडे आलं ते कोणालाच नीट ठाऊक नाही. घरात मराठी टिकली, पण भाजीचे वास मात्र कन्नडमधूनच कळतात.

पूर्वी आई शेंग चुरडून बोट नाकाशी न्यायची आणि मगच पाच किलोचा सौदा करायची. आता ती गाडीपाशी थांबते, बघते. मी विचारते, “घ्यायच्या का?” ती म्हणते, “स्वल्प घे. दोघींपुरत्या.” आम्ही दोघी, म्हणजे ती आणि मी. मी लग्न केलं नाही. वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, जाऊन बरीच वर्षं झाली. दोघींपुरत्या शेंगा घेऊन आम्ही घरी येतो आणि सोलताना रेडिओ लावतो, म्हणजे बोलावं लागत नाही.

मी बायोकेमिस्ट्री शिकवते. इथल्याच एका कॉलेजात, बावीस वर्षं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे घडलं त्यात मला सगळ्यात जास्त बोचतं ते हेच.

मुकुंद माझा धाकटा भाऊ, अकरा वर्षांनी लहान. शहराच्या दुसऱ्या टोकाला, कंपन्यांच्या महादेवपुऱ्यात, एका उंच इमारतीत अकराव्या मजल्यावर बायको सायली आणि मुलगी ईरा यांच्यासोबत राहतो. सायली पुण्याची, नोकरीसाठी बंगळूरला आली आणि मुकुंदच्याच ऑफिसात त्याला भेटली. तिची मराठी इंग्रजीच्या कुबड्या घेऊन चालते, आमची कन्नडच्या. एकमेकींच्या बोलण्याला हसत हसतच आमची मैत्री झाली.

मुकुंदला लहानपणापासून डाळ नको असायची. डाळच नव्हे, अंडं नको, पनीर नको, उसळ तर बघवतही नसे. भात, सार, बटाट्याची भाजी, लोणचं आणि केळं, एवढ्यावर तो मोठा झाला. लग्नाच्या पंगतीत वाढपी वरणाची बादली घेऊन आला की हा पानावर दोन्ही हात आडवे धरायचा. अण्णा चिडायचे. “राजाचे नखरे आहेत,” म्हणायचे. आई गुपचूप भातात वरण कालवून त्यावर तूप घालायची, म्हणजे कळणार नाही. त्याला कळायचं. एकदा त्याने सांगितलं होतं, “खाल्लं की डोकं जड होतं.” आठ-नऊ वर्षांचा असेल. आम्ही हसलो. जेवून डोकं जड होतं, असं कोण म्हणतं? डोकं अभ्यासाने जड होतं.

वर्गात एन्झाइम्स शिकवायला घेतली की मी अजूनही खुलते. पाठ्यपुस्तकात त्यांना विकर म्हणतात, मुलं एन्झाइमच म्हणतात. पेशीत एकाच वेळी हजारो रासायनिक क्रिया चाललेल्या असतात, प्रत्येकीमागे एक एन्झाइम. सगळी एन्झाइम्स सतत पूर्ण वेगाने चालली तर पेशी काही क्षणांत संपेल. म्हणून ती कधी जागी होतात, कधी मंदावतात. एखादा पदार्थ पाच-सहा टप्प्यांनी तयार होत असेल, तर तो पुरेसा झाल्यावर स्वतःच मागे जाऊन पहिल्या टप्प्याच्या एन्झाइमला चिकटतो, त्याचा आकार जरासा बदलतो आणि त्याला थांबवतो. साठा संपत आला की तो सुटतो आणि काम पुन्हा सुरू. कुणी वर बसून हुकूम देत नाही. हे मी पहिल्यांदा शिकले तेव्हा आनंदाने माझ्या अंगावर काटा आला होता. मुलांच्याही येतो कधी कधी, मागच्या बाकावरच्या एखाद्या मुलीच्या चेहऱ्यावर दिसतो.

मग नोव्हेंबरात युरियाचं चक्र येतं. प्रथिनं खाल्ली की त्यातला नायट्रोजन शरीराला साठवून ठेवता येत नाही. तो अमोनियाच्या रूपात सुटतो, आणि अमोनिया मेंदूला विषारी असतो. यकृतातल्या पेशी त्याचा युरिया करतात, युरिया लघवीतून निघून जातो. इथलं नियमन सुंदर आहे. प्रथिनं जास्त आली की पेशीत एक छोटा रेणू वाढतो, तो पहिल्या एन्झाइमला चिकटतो आणि तेव्हाच ते एन्झाइम कामाला लागतं. म्हणजे ओझं वाढलं की दार आपोआप उघडतं. त्यानंतर दुसरं एन्झाइम पुढचं काम उचलतं, मग तिसरं. फळ्यावर मी हे वर्तुळ एका दमात काढते. वर्तुळ पूर्ण झाल्यावर एक वाक्य ठरलेलं असतं, “यातलं दुसरं एन्झाइम काही माणसांत जन्मतः दुबळं असतं. परीक्षेला टीप म्हणून येऊ शकतं.” मुलं लिहून घेतात.

तीन वर्षांपूर्वी दिवाळीत मुकुंद, सायली आणि ईरा आमच्याकडे आले होते. ऑफिसातून सगळ्यांची आरोग्य तपासणी झाली होती आणि कुठल्याशा ॲपवरच्या आहारतज्ज्ञाने मुकुंदला प्रथिनं फारच कमी पडतात असं कळवलं होतं. तो बारीक होता, लवकर थकायचा. सायलीला काळजी वाटत होती.

“ताई, तुम्ही सांगा ना ह्याला,” ती म्हणाली. “रिपोर्टमध्ये क्लिअरली लिहिलंय. मी पावडर आणलीय, सकाळी दुधातून घ्यायची. प्लस दोन एग्ज. हा नुसता बहाणे करतो.”

“अक्का, तू तरी सांग हिला,” मुकुंद म्हणाला. “मला नाही जमत ते.”

मी चकली खात होते. खात खातच म्हणाले, “अरे, काही होत नाही. शरीर लागेल तेवढं वापरतं, उरलेल्याचा युरिया करून टाकून देतं. थोड्या दिवसांनी सवय होईल.”

“बघ!” सायली म्हणाली. “सायन्सवाल्या सांगतायत.”

मुकुंद माझ्याकडे बघून हसला. “सरी,” म्हणाला, म्हणजे ठीक आहे. माझं त्याने कायम ऐकलं.

सहा आठवडे त्याने नेमाने पावडर घेतली, अंडी खाल्ली. मधेच अवरेचा हंगाम लागला. आई त्या वर्षी उत्साहात होती, मुलगा शेवटी खायला लागला म्हणून. शेंगा सोलायच्या, दाणे रात्रभर भिजवायचे, मग एकेक दाणा चिमटीत दाबून त्याचं साल काढायचं, बोटं पांढरी पडेपर्यंत. सोललेल्या दाण्यांचं सांबार, उप्पीट, परतलेली उसळ. दर रविवारी मी डबे घेऊन बसने महादेवपुऱ्याला जायची. बस बदलत बदलत दीड-दोन तास मांडीवर गरम डबा. मुकुंद खायचा. खाऊन सोफ्यावर आडवा व्हायचा आणि डोळे मिटायचा. एका रविवारी त्याला उलटी झाली. एका रविवारी तो ईरावर ओरडला, इतक्या जोरात की ती पोर भिंतीला टेकून उभी राहिली. तो कधीच कुणावर ओरडलेला मी पाहिला नव्हता. ऑफिसचा ताण, असं आम्ही म्हणालो. महादेवपुऱ्यात प्रत्येक घरात कुणाला ना कुणाला ऑफिसचा ताण असतो, त्यामुळे त्यावर पुढे विचार करावा लागत नाही.

डिसेंबरच्या अखेरीस त्याला ताप आला. दोन दिवस तो जवळजवळ उपाशी राहिला. ताप उतरला आणि मुकुंद उठला तो वेगळाच. सायलीने नंतर मला सगळं क्रमाने सांगितलं. दुधाची पिशवी त्याने चपलांच्या कपाटात ठेवली. चावीला काय म्हणतात ते त्याला आठवेना, हाताने फिरवून दाखवत राहिला. सायलीशी तो कन्नडमध्ये बोलायला लागला, जी तिला दुकानापुरतीच येते. खाली जाऊन इमारतीच्या वॉचमनला विचारलं, मी कितव्या मजल्यावर राहतो?

ती त्याला जवळच्या एका डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी पाच मिनिटं ऐकलं, ताणामुळे मनाचा तोल गेलाय म्हणाले आणि मन स्थिर करणारी एक गोळी लिहून दिली. सायलीने मला फोन केला. मी परीक्षेच्या पर्यवेक्षणावर होते, वऱ्हांड्यात येऊन फोन घेतला. गोळीचं नाव तिने सांगितलं, मी ऐकलं. “घेऊ दे,” म्हणाले, “विश्रांती मिळेल.” ते औषध यकृतातलं नेमकं हेच चक्र मंदावतं, हे मी कधीतरी वाचलेलं होतं. वाचलेलं आठवायला काहीतरी जागं व्हावं लागतं. माझ्यात काही जागं झालं नाही. वर्गात शिरून मी पुरवण्या वाटल्या.

चौथ्या दिवशी दुपारी पुन्हा फोन आला. “ताई, हा उठत नाहीये.” एवढंच. इंग्रजीचा एकही शब्द नाही. त्यावरूनच मला कळलं.

महादेवपुऱ्यातल्या एका हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात मी पोचले तेव्हा मुकुंद पलंगावर होता, श्वास भराभर चालला होता, हाक मारली तर पापणी हलत होती. मेंदूचा स्कॅन ठीक आला होता, साखर ठीक होती, यकृताच्या नेहमीच्या चाचण्यांतही फारसं काही नव्हतं. सायलीला चार वेळा विचारून झालं होतं की हा किती पितो, कुठल्या नशा करतो. चौथ्या वेळी ती रडून म्हणाली, “अहो, हा चहासुद्धा अर्धा कप घेतो.”

तिथे एक तरुण डॉक्टर होती, रश्मी नावाची, हुबळीची. ती घाईत नव्हती, हे मला आधी जाणवलं. तिने माझ्याशी कन्नडमध्ये सुरुवात केली. आजारी कधीपासून, ताप किती दिवस, गोळी कुठली. गोळीचं नाव ऐकून ती थांबली. मग तिने एक विचित्र प्रश्न विचारला.

“लहानपणापासून याला एखाद्या खाण्याची नावड होती का? डाळ, अंडी, मांस?”

नजरेसमोर आमचं स्वयंपाकघर आलं. मी एम.एस्सी.ला होते, मुकुंद दहा वर्षांचा. रोज संध्याकाळी त्याला भरवायचं काम माझ्याकडे असायचं. मी त्याचं नाक चिमटीत धरायची, श्वासासाठी तोंड उघडलं की वरणाचा चमचा आत. तो हात-पाय झाडायचा. टेबलावर एका बाजूला माझी वही उघडी असायची. त्या वहीत ते वर्तुळ होतं, मीच रंगीत पेन्सिलींनी काढलेलं.

“डाळ,” मी म्हणाले. “डाळ कधीच खाल्ली नाही. आम्ही बळेच…” मग मी जे बोलले ते वर्गातल्या आवाजात आलं, “अमोनिया बघा. रक्तातला अमोनिया.”

“तेच सांगणार होते,” रश्मी म्हणाली.

ती चाचणी त्या हॉस्पिटलात होत नव्हती. एक किलोमीटरवरच्या मोठ्या प्रयोगशाळेत होत होती, पण रक्त बर्फात ठेवून लगेच पोचवायला हवं होतं. बर्फ कशासाठी, तर नळीत भरलेल्या रक्तातही एन्झाइम्स आपलं काम करतच राहतात, अमोनिया वाढत जातो आणि आकडा खोटा येतो. थंडीत ती मंदावतात. माणूस बोलवायला दहा मिनिटं लागतील असं नर्स म्हणाली. मी म्हणाले, मी जाते.

थर्मासमध्ये बर्फ, बर्फात नळी, आणि मी ऑटोत. दोनशे मीटर गेलो आणि सगळं ठप्प झालं. दुपारचे चार, कंपन्यांच्या बसेस, कॅब, मेट्रोच्या कामाचे पत्रे. ऑटोवाल्याने आरशात माझ्याकडे, मग थर्मासकडे बघितलं. “अक्का, उतरून पळत जा,” तो कन्नडमध्ये म्हणाला, “लवकर पोचाल.” मी उतरले आणि पळाले. सत्तेचाळीस वर्षांची बाई, साडी वर खोचलेली, थर्मास छातीशी धरून, गळ्यात कार्डं अडकवलेल्या पोरापोरींच्या घोळक्यांतून. कुणीतरी म्हणालं, “आंटी, संभाल के.” मला तेव्हा देव आठवला नाही, आई आठवली नाही. एक दुबळं एन्झाइम आठवत होतं. पहिलं एन्झाइम ओझं बघून दार सताड उघडतं, आणि दुसऱ्याच्या अंगात ते ओझं उचलायची ताकदच नसते. त्या सुंदर नियमनाने माझ्या भावाला वाचवलं नव्हतं, ते आपलं काम चोख करत होतं आणि माल मधे साचत होता.

तासाभरात रश्मीला फोन आला. अमोनिया असायला हवा त्याच्या सहापट होता.

त्यानंतर हालचाली झाल्या. रक्त यंत्रातून फिरवून धुणं, शिरेतून साखर, नायट्रोजन दुसऱ्या मार्गाने बाहेर काढणारं औषध. साखर कशासाठी, असं सायलीने मला विचारलं. मी सांगितलं, उपाशी शरीर स्वतःचे स्नायू तोडायला लागतं, त्यातूनही अमोनिया सुटतो, साखर मिळाली की तोडणं थांबतं. ती माझ्याकडे बघत राहिली. “तुम्हाला सगळं माहीत आहे,” ती म्हणाली. तिच्या मनात काही नव्हतं. थकून बोललेलं साधं वाक्य. मी उठून पाणी प्यायला गेले आणि बराच वेळ नळापाशी उभी राहिले.

तिसऱ्या दिवशी मुकुंदने डोळे उघडले. पाचव्या दिवशी मला ओळखलं. सायलीला मात्र त्याने आधी “मॅडम” म्हटलं, आणि ती हसली, मग बाहेर जाऊन रडली.

नंतर लघवीच्या तपासणीत आणखी एक पदार्थ वाढलेला सापडला. अडलेला माल दुसऱ्या वाटेने सांडतो, त्याची ती खूण. पुढे जनुकाची तपासणी झाली आणि शिक्कामोर्तब झालं. दोष आईकडून मुलाकडे येतो, एक्स गुणसूत्रावरून. मुकुंदचं एन्झाइम अगदीच निकामी नव्हतं, म्हणून छत्तीस वर्षं निभावलं. अगदी निकामी असलं तर मुलगा जन्मल्यावर आठवड्याभरातच जातो.

हे आईला सांगायचं काम माझं होतं. मी एका कागदावर आकृती काढून सांगितलं. ती नीट ऐकत होती. मी संपवल्यावर ती म्हणाली, “माझ्या आईची पहिली दोन मुलं… मुलगेच होते दोन्ही. मी तिसरी. दोघंही चार-पाच दिवसांत गेले. दूध प्यायले, झोपले आणि उठले नाहीत. लोकांनी आईच्या दुधाला दोष दिला. मला तिने माझ्या मामीचं दूध पाजायला लावलं.”

मी पेनाला टोपण लावलं.

“म्हणजे दूध चांगलं होतं तिचं,” आई म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, “आणि मुकुंदला ते माझ्याकडून गेलं. आणि वर मीच त्याला डाळ चारली.”

“आई, तुला ठाऊक नव्हतं.”

“मला नव्हतं,” ती म्हणाली, आणि माझ्याकडे बघितलं नाही. तिने मुद्दाम बघितलं नाही की तिची नजर सहज खिडकीकडे गेली, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. त्यानंतर आम्ही दोघी या विषयावर सरळ कधी बोललो नाही.

मला सतत एक गोष्ट छळते. मी नियमन शिकवते, पेशीतलं. पण त्या मुलाची जीभही नियमनच करत होती. ज्याचं ओझं यकृताला पेलत नव्हतं ते ती आत येऊच देत नव्हती. कुणी शिकवलं नव्हतं, तरी त्याच्या शरीराला ठाऊक होतं, आणि छत्तीस वर्षं त्याने भर पंगतीत दोन्ही हात आडवे धरून स्वतःला जपलं. आम्ही ते प्रेमाने मोडून काढलं. अण्णांनी रागाने जे साधलं नाही ते आम्ही तीन बायकांनी मायेने करून दाखवलं. त्यातल्या दोघींना काहीच ठाऊक नव्हतं, त्यामुळे त्यांची माया मायाच राहते. माझ्या मायेला काय म्हणायचं ते मला कळत नाही.

आता मुकुंद कसा आहे असं लोक विचारतात. बरा आहे. दिवसाला मोजून ठरावीक ग्रॅम प्रथिनं, तीन वेळा कडूजहर औषध, दर तीन महिन्यांनी रक्त. ऑफिसने त्याला सांभाळून घेतलं, पण पूर्वीचं काम त्याला जमत नाही. तो आता लोकांनी लिहिलेला कोड तपासतो, हळूहळू. बोलता बोलता शब्द हरवतो, मग हवेत हात फिरवत राहतो. पूर्वी तो भराभर बोलायचा, विनोद करायचा, कन्नड-मराठीची खिचडी करून सायलीला चिडवायचा. आता वाक्य सुरू करण्याआधी थांबतो, वाट चाचपून बघितल्यासारखा. रश्मी म्हणाली होती, “दोन दिवस आधी आला असता तर…” आणि मग माझा चेहरा बघून तिने वाक्य सोडून दिलं. मी ते रोज पूर्ण करते.

आणि ईरा. बापाचं ते एक्स तिच्यात आलंय, यात शंकेला जागाच नाही. पण मुलींना दोन एक्स असतात, आणि यकृताच्या प्रत्येक पेशीत दोहोंपैकी एकच जागं राहतं. कुठल्या पेशीत कुठलं, हे गर्भातच नशिबाने ठरतं. बहुतेक पेशींत चांगलं जागं असेल तर तिला आयुष्यभर काही होणार नाही. नसेल तर मोठ्या तापात, उपासात, बाळंतपणात धोका. बाहेरून बघून सांगता येत नाही. म्हणून आम्ही चारही मोठी माणसं तिच्या ताटाकडे बघत बसतो. तिने वरण-भात मागितला की बरं वाटतं आणि भीतीही वाटते. तिने वाटी सरकवली की सायली माझ्याकडे बघते, मी काहीतरी सांगावं म्हणून. मी आता खात्रीने काहीच सांगत नाही. “तिला नको असेल तर राहू दे,” एवढंच म्हणते.

वर्गात मी ते वर्तुळ अजून काढते. दुसऱ्या एन्झाइमपाशी आले की आता टीप म्हणत नाही. खडू खाली ठेवते आणि सांगते की घरात कुणी एखादं अन्न कायम नाकारत असेल तर आधी त्याला विचारा, खाल्ल्यावर काय होतं. मुलं पेन उचलून विचारतात, “मॅम, हे परीक्षेला आहे?” मी नाही म्हणते. मग ती पेन खाली ठेवतात.

यंदा संक्रांतीच्या आधीच्या रविवारी मी महादेवपुऱ्याला गेले होते. सायली ईराला घेऊन खाली बागेत गेली होती. मुकुंद बाल्कनीत उन्हाला बसला होता. म्हणाला, “अक्का, मला ते एकदा नीट शिकव. डॉक्टर सांगतात, ते माझ्या डोक्यात राहत नाही.”

मी कागद घेतला आणि सावकाश काढत गेले. अमोनिया इथे येतो, हे पहिलं, हे दुसरं, ते तुझं. तो बोट ठेवून ठेवून बघत होता. दोनदा त्याने पहिल्यापासून सांगायला लावलं. ऊन सरकलं तशा आम्ही खुर्च्या सरकवल्या.

मग त्याने विचारलं, “हे तुला कधीपासून ठाऊक आहे?”

“एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षापासून.”

त्याने हिशेब केला. वेळ लागला, पण ओठ हलवत हलवत केला. “म्हणजे मी पाचवीत होतो.”

“हो.”

इतकी वर्षं मी या क्षणाला घाबरत होते. त्याने रागवावं असं मला वाटत होतं, खरं तर त्याने रागवावं अशी माझी इच्छा होती. तो रागावला नाही. “काही हरकत नाही”सुद्धा म्हणाला नाही, आणि त्याबद्दल मी त्याची ऋणी आहे. त्याने कागद हातात घेतला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला, आणि एक शब्द शोधत हात हवेत फिरवला.

“ईराला,” तो म्हणाला, आणि थांबला. मी वाट पाहिली. “ईराला पाचवीत सांग. तूच सांग. तोवर मला कितपत…” पुढचा शब्द त्याला मिळाला नाही. या वेळी तो मला ठाऊक होता, तरी मी तो पुरवला नाही.

“त्याच्या आधी सांगेन,” मी म्हणाले. “पुढच्या वर्षीच सांगायला लागते, थोडं थोडं.”

खालून ईराचा आवाज आला. मुकुंदने कागदाची घडी केली, शर्टाच्या खिशात घातली आणि कठड्यापाशी जाऊन तिला हात केला.